अर्धा गुंठा बागाईत

नगरच्या सावेडीतल्या कुठल्याही गल्लीत वर मान करून पाहा. ज्या गच्चीवर टाकीशेजारी रंगाच्या रिकाम्या बादल्या, थर्माकोलची खोकी आणि मोडक्या कूलरचा टब ओळीने मांडलेला दिसेल, तिथे आमचे काका राहतात. गच्ची जेमतेम पाचशे चौरस फुटांची. काका सांगतात, "अर्धा गुंठा बागाईत आहे." हिशेबात माणूस चुकत नाही, नोकरीच तशी केली.

२०२० साली अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा 'आपल्याच जिल्ह्यातल्या बाई' म्हणून काकांना स्फुरण चढलं. राहीबाईंनी गावरान बियाणं जपलं. काकांनी पाकिटावरचं चित्र पाहून जांभळा नवलकोल आणला, वाण 'पर्पल व्हिएन्ना'.

तेव्हापासून या घरात पाहुण्याला चहा नंतर, जिना आधी. वर गेलं की काका बादलीपाशी उकिडवे बसतात आणि पानं हलकेच बाजूला सारतात. मातीवर टेकलेला जांभळा गोळा, आणि त्याच्या अंगातूनच चहूकडे देठ फुटलेले. "कंद नाही बरं का हा! खोड आहे, खोड! मुळा जमिनीखाली पोसतो, हा जमिनीवर फुगतो." पाहुणा मान डोलावतो. त्याला राहुरीची गाडी गाठायची असते.

काकांना भाजी रंगीत लागते. लाल माठ, पिवळी ढोबळी, जांभळ्या शेंगांचा घेवडा. त्या घेवड्याची पहिली ओंजळ काकूंनी फोडणीला टाकली आणि झाकण काढलं तर शेंगा हिरव्यागार. तो जांभळा रंग मुळात पाण्यात विरघळणारा, आचेपुढे टिकत नाही, ही गोष्ट पाकिटावर कोण छापतो? काकांनी विचारलं, "रंग कुठे घालवलास?" काकू म्हणाल्या, "भाजी केली मी, साडी नाही धुतली!" नवलकोलाची तऱ्हा आणखी वेगळी. जांभळेपणा सगळा सालीत. सोलला की आत पांढराफटक.

पण सोलायची वेळ यायला तर हवी. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत नवलकोल टेनिसच्या चेंडूएवढा होतो, आणि खायचा तो तेव्हाच. कोवळा असताना किसून दाण्याचं कूट नि लिंबू घातलं तर भाकरीशी कोशिंबीर काय लागते! पानांचीही भाजी होते. काका मात्र हात लावू देत नाहीत. "अजून पोसेल." तो पोसतो, पोसतो, नारळाएवढा होतो, आणि आत नुसत्या दोऱ्या. मग काकांना दानधर्म सुचतो आणि गल्लीत वाटप होतं. आमच्या वाट्याच्या नवलकोलाने विळीचं पातं वाकवलं. उरलेला हरभऱ्याच्या डाळीबरोबर कुकरला लावला. पाच शिट्ट्यांत डाळीचं पिठलं झालं, नवलकोल होता तसाच.

संध्याकाळी काका फाटकाशी हजर. "कसा होता?"

"रंग सुंदर होता," मी म्हणालो. खोटं बोललो नाही.

काकूंचं सांगायचं तर त्या दर दोन दिवसांनी चितळे रोडवर पिशवी घेऊन दिसतात. मेथीची जुडी, वांगी, कोथिंबीर. घर त्यावर चालतं.

तुम्हाला एवढंच सांगणं: अशा गच्चीवर जायचा योग आला आणि चेंडूएवढा नवलकोल दिसला, तर कौतुक करू नका. सरळ मागून घ्या. कौतुक केलंत, की तो आणखी महिनाभर बादलीतच राहणार.