गोड बोलणाऱ्यांनी तसदी घेऊ नये

एके काळी पुण्यात जुनी वस्तू विकायची तर शब्दामागे पैसे पडत. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींचा तो रिवाजच होता, आणि शब्दाला पैसे पडू लागले की पुणेकराची शैली काय बहरते म्हणता! 'लेडीज सायकल विकणे. सुस्थितीत. समक्ष सकाळी 9 ते 11. दलाल क्षमस्व.' संपली जाहिरात. वस्तू कोणती, अवस्था कशी, यायचं कधी आणि कोणी यायचं नाही, हे सगळं दहा-अकरा शब्दांत. 'सकाळ' 1932 साली निघाला आणि पुढे कित्येक पिढ्या पुणेकरांनी त्याच्या छोट्या जाहिराती अग्रलेखाच्या आधी वाचल्या. घ्यायचं काही नसायचं. पण शेजारच्या वाड्यातले काय काढताहेत आणि कितीला, हे जागरूक नागरिकाला माहीत नको?

आता शब्द फुकट आहेत, फोटो फुकट आहेत, आणि समोरच्याचा वेळ तर सगळ्यात फुकट आहे. ओएलएक्स, क्विकर, फेसबुक मार्केटप्लेस, शिवाय प्रत्येक सोसायटीचा 'बाय अँड सेल' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. बाजार चोवीस तास उघडा. त्यामुळे या बाजारात वागावं कसं, याचा विचार करायची वेळ आली आहे.

सुरुवात ग्राहकापासून करू. मार्केटप्लेसवर 'हे अजून उपलब्ध आहे का?' हा प्रश्न कंपनीनेच आधी लिहून ठेवलेला असतो. ग्राहकाने नुसतं बोट टेकवायचं. साहजिकच रात्री साडेअकराला आलेली चौकशी कुणी मनापासून केली आहे की अंथरुणावर पडल्यापडल्या चुकून बोट लागलं आहे, हे विक्रेत्याला कळायला मार्ग नसतो. तो बिचारा हौसेने 'हो, आहे ना!' असं कळवतो. त्यानंतर जी शांतता पसरते, ती हल्ली पर्वतीवर पहाटे पाचलासुद्धा मिळत नाही.

दुसरा प्रकार 'लास्ट किती?' वाल्यांचा. जाहिरातीत किंमत लिहिलेली असते, किमतीखाली 'भाव पक्का' लिहिलेलं असतं, आणि त्याखाली पहिला प्रश्न, 'लास्ट किती?' याचा राग धरू नये. हा आपल्या बाजारातला रामराम आहे. तिसरा प्रकार 'घरी विचारून सांगतो'. हे घर नेमकं कुठे आहे, तिथे कोण बसलेलं असतं आणि त्या व्यक्तीने आजवर कधी कशाला होकार दिला आहे का, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. चौथा प्रकार 'निघालोच'. हा गृहस्थ वाकडहून कोथरूडकडे निघालेला असतो आणि दर अर्ध्या तासाने निघतच असतो. चांदणी चौकातला जुना पूल 2022 च्या ऑक्टोबरात सुरुंग लावून पाडला, नव्या उड्डाणपुलाचं 2023 च्या ऑगस्टात उद्‌घाटन झालं, पण 'चांदणी चौकात अडकलोय' ही सबब काही कुणाला पाडता आली नाही.

विक्रेतेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. पुण्यातल्या जाहिरातींमधल्या 'डॉक्टरांनी वापरलेल्या' मोटारी मोजल्या तर इथले डॉक्टर दवाखान्यात बसतात तरी कधी, असा प्रश्न पडतो. 'परदेशी जात असल्याने तातडीने विकणे' असं म्हणणारे गृहस्थ तोच सोफा दिवाळीत विकत होते आणि आता गुढीपाडव्यालाही विकताहेत. व्हिसा मिळणं अवघड झालंय, हे मात्र खरं.

पण या बाजाराचं खरं दर्शन घ्यायचं तर ट्रेडमिल विकली जाताना पाहावी. कोथरूडच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर हा सोहळा पाहायचा योग आला. जाहिरातीतल्या फोटोत यंत्राच्या दांड्यावर दोन टॉवेल, एक परकर आणि शाळेचा स्वेटर वाळत होता. किंमत 12 हजार. विकणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, घेणारा वाकडचा आयटीतला तरुण.

"काका, किती वापरलीय?"

"वापरलीच नाही."

"मग विकताय का?"

"वापरत नाही म्हणून."

"वापरलीच नाही, तर ती चालते कशावरून?"

"चालायचं तुम्हाला आहे. ती नुसती फिरणार."

तरुणाने बटण दाबलं. पट्टा कुरकुरत फिरू लागला.

"आवाज येतोय, काका."

"पाय ठेवा, मग तुमचाही येईल."

"नवीन अठराला मिळते ऑनलाइन. मी सात देतो."

"सातला मी टॉवेल वाळत घालत राहीन."

बोलणी इथे फिसकटायची. पण आतून काकू आल्या आणि म्हणाल्या, "अहो, द्या की एकदाची. पाच वर्षं अंगठा ठेचतोय माझा!" या एका वाक्याने भाव जागच्या जागी साडेतीन हजारांनी उतरला. काकांनी काकूंकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं वर्णन करायला पोलिसांची परवानगी लागेल. साडेआठ हजारांवर व्यवहार ठरला, खाली छोटा हत्ती येऊन उभा राहिला, आणि मग वॉचमनने सांगितलं की सामान बाहेर न्यायला गेटपास लागतो, गेटपासवर सेक्रेटरींची सही लागते, आणि सेक्रेटरी वसंत व्याख्यानमालेला गेलेत. टेम्पोवाल्याचं वेटिंग कोणी द्यायचं, यावर पुढचा पाऊण तास गेला.

एवढं रामायण झाल्यावर दोघांनी एकमेकांविषयी अभिप्राय काय दिला असेल? पाच तारे. काकांनी लिहिलं, 'नाइस बायर.' तरुणाने लिहिलं, 'व्हेरी कोऑपरेटिव्ह अंकल.' संध्याकाळी कट्ट्यावर काका सांगत होते की पोरगा एक नंबरचा चिकट होता. तरुणाने वाकडात काय सांगितलं ते छापता येण्याजोगं असण्याची शक्यता कमी.

ज्या शहरात कुणी न विचारता जिन्यात, फाटकावर आणि बेलच्या बटणाखाली लेखी अभिप्राय लावले जातात, तेच शहर रीतसर विचारल्यावर 'नाइस' लिहून गप्प का बसतं? याचं उत्तर अमेरिकेत सापडतं. पिअर ओमिद्यार यांनी 1995 मध्ये एक लिलावाचं संकेतस्थळ काढलं, तेच पुढे ईबे झालं. तिथे पहिल्यांदा विकली गेलेली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर. तो 14.83 डॉलरला गेला. ओमिद्यारनी घेणाऱ्याला विचारलं, हा मोडका आहे हे कळलंय ना तुम्हाला? तर तो म्हणे, मी मोडकेच जमवतो. (आपल्याकडे त्याने 'मोडका आहे ना, मग लास्ट किती?' असं विचारलं असतं.) पुढच्याच वर्षी ओमिद्यारनी शेरे द्यायची सोय केली. घेणाऱ्याने विकणाऱ्याबद्दल लिहावं, विकणाऱ्याने घेणाऱ्याबद्दल. कल्पना नामी होती. फक्त थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण समोरच्याची अब्रू काढली तर तो आपली काढणार. मग सगळेच सज्जन झाले. शेवटी 2008 मध्ये ईबेने विक्रेत्यांना ग्राहकाविषयी वाईट शेरा लिहायला बंदीच केली.

हे उमगायला त्यांना बारा वर्षं लागली. आपल्याकडच्या कुठल्याही मावशीने आहेराची वही उघडून बारा मिनिटांत समजावलं असतं. त्यांनी आपल्याकडे 501 घातले, आपण त्यांच्याकडे 501. पाच तारे हा आहेर आहे. तो बघून वधूवरांच्या स्वभावाविषयी कुणी अनुमान काढत नाही.

मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे चादर पसरून बसलेला विक्रेता कुणाकडे तारे मागत नाही. नळाची तोटी उचलायची, फिरवून बघायची, पटली तर घ्यायची. पुढच्या रविवारी तो त्याच जागी असतो आणि गळकी तोटी घेऊन तुम्हीही तिथेच असता. त्यानंतर जो अभिप्राय दिला-घेतला जातो, तो आजूबाजूच्या चार चादरींना ऐकू जातो. मोबाइलवरच्या बाजारात पुढचा रविवार नसतो, हीच तर अडचण आहे.

अपवाद एकच, दुचाकी. जुनी स्कूटर विकणाऱ्याला ग्राहकाच्या वागणुकीचा अभिप्राय घरबसल्या आणि फोटोसकट मिळतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 50 व्या कलमात हे सगळं लिहिलेलं आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत गाडी नावावर करून घ्यायची. फॉर्म 29, फॉर्म 30, सगळं ठरलेलं. पण ग्राहक म्हणतो, "काका, टीटी फॉर्मवर सह्या तेवढ्या करून द्या, बाकीचं मी बघतो." काका सह्या करतात. महिन्याभराने काकांच्या मोबाइलवर ई-चलन येतं. विनाहेल्मेट, कर्वे रस्ता. मग सिग्नल तोडला. मग तिघे जण, तेही विनाहेल्मेट. फोटोत गाडी आपली, पाठ अनोळखी. हेल्मेटसक्तीविरुद्ध आयुष्यभर तावातावाने बोललेल्या माणसाने दुसऱ्याच्या उघड्या डोक्याचा दंड भरावा, यापेक्षा काव्यात्म न्याय तो कोणता? यातला विनोद मात्र दंडापाशीच संपतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. त्या खटल्यातली मोटार पुढे हातोहात विकली गेली होती, तरी अपघाताची भरपाई कागदावरच्या पहिल्या मालकाच्याच गळ्यात पडली.

आता या बाजारातल्या सर्वांत सुसंस्कृत माणसाची ओळख करून देतो. त्याचा मेसेज असा येतो: 'नमस्कार सर. आपली जाहिरात पाहिली. वस्तू आवडली. किंमत मान्य आहे.' नीट वाचा. नमस्कार आहे. 'लास्ट किती' नाही. घरी विचारायचं नाही. आणि किंमत मान्य! खरं तर इथेच पुणेकराच्या काळजात धस्स व्हायला हवं. पण एवढ्या आदराची सवय नसल्यामुळे माणूस विरघळतो. समोरचा सांगतो की मी सैन्यात आहे, बदली झालीय, स्वतः येता येत नाही, माणूस पाठवतो. ओळखपत्राचा फोटोही धाडतो. दक्षिण कमांडचं मुख्यालय ज्या गावात आहे आणि एनडीए ज्याच्या वेशीवर आहे, तिथे हे खोटं वाटण्याचं कारण नसतं. खऱ्या जवानांची यात नाहक बदनामी होते, ती वेगळीच. मग येतो क्यूआर कोड. 'सर, स्कॅन करून पिन टाका, पैसे लगेच जमा होतील.' सर पिन टाकतात. पैसे जातात.

यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. घेताना लागत नाही. हे वाक्य पाटीवर लिहून दारात लावायला हरकत नाही, जागा असेल तर. शिवाय एक योगायोग बघा. इंग्रजांच्या काळात 1930 साली मालविक्रीचा कायदा झाला, आणि त्याचा रोख असा की घेणाऱ्याने माल डोळे उघडे ठेवून पारखून घ्यावा. आज विकणाऱ्याचे डोळे उघडले की त्याने ताबडतोब फिरवायचा सायबर हेल्पलाइनचा क्रमांकही 1930 च आहे.

तर निष्कर्ष असा. या अख्ख्या बाजारात सगळे शिष्टाचार पाळणारा इसम एकच आणि तो चोर. याउलट 'बारा हजार? भंगारवाला तरी घेईल का?' असं तोंडावर विचारणारा माणूस सोळा आणे खरा. त्याला प्रत्येक रुपया दुखतो, कारण तो त्याच्या खिशातून जाणार असतो. ज्याला द्यायचेच नाहीत, तो घासाघीस कशाला करील?

म्हणून कंपन्यांनी ते तारे काढून टाकावेत आणि पुण्यापुरते तरी आमचे शेरे लागू करावेत. 'चिकट, पण रोख.' 'तुसडा. वस्तू चोख.' 'दोन तास उशिरा आला, मात्र आला.' 'चहा विचारला नाही, बिल दाखवलं.' 'भांडून गेला, परत आला, घेऊन गेला.' असे चार-पाच शेरे ज्याच्या नावावर असतील, त्याच्याशी डोळे मिटून व्यवहार करावा. 'अत्यंत गोड स्वभाव' असा शेरा दिसला तर फोन उचलू नये. आणि कुणी पहिल्याच फटक्यात 'किंमत मान्य आहे, सर' म्हणालाच, तर त्याला शांतपणे सांगावं: आधी थोडं भांडून दाखवा, मग पुढचं बोलू.