कूलर बंद करून बोला

मे महिन्यात, नागपुरात, रात्री साडेनऊला ज्याला घरचा कूलर बंद करावा लागतो, त्याला नोकरीबद्दल आणखी काही विचारू नये. दिवसभर 45 अंशांत भाजलेल्या भिंती त्या वेळी सगळी उष्णता व्याजासकट परत करत असतात. खिडकीला टांगलेला तो लोखंडी डबा, तीन बाजूंना ओल्या ताट्या, आत घरघरणारा पंप आणि बसस्टँडवरून उचलून आणल्यासारखा आवाज करणारा पंखा. हे सगळं सुरू असताना माणूस झोपू शकतो, भांडू शकतो, संसारही करू शकतो. मीटिंग तेवढी करू शकत नाही. मी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा पलीकडच्या बाईंनी फार काळजीने विचारलं होतं, "तुम्ही विमानतळावर आहात का?"

तेव्हापासून आमच्या घरी पद्धत पडली आहे. ऐकताना कूलर सुरू, बोलताना बंद. माझी पाळी आली की मी हात वर करतो आणि बटणाजवळ बसलेला मुलगा खटका दाबतो. चार मिनिटांत बनियनचं पोतेरं होतं. त्यामुळे उन्हाळ्यात नागपूरची माणसं अत्यंत मुद्देसूद बोलतात, असा कंपनीत आमचा लौकिक आहे. पुण्याची मंडळी त्याच विषयावर पाऊण तास बोलू शकतात. त्यांच्याकडे रात्री वारा सुटतो.

आमचं ऑफिस मिहानमध्ये. नेमणुकीच्या पत्रात कामाची वेळ छापलेली आहे, आणि ते पत्र मी जपून ठेवलं आहे. ग्राहक मात्र न्यू जर्सीत. तिथे दुपारचे बारा वाजले की इथे रात्रीचे साडेनऊ होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचे लोक घड्याळ एक तास मागे घेतात आणि त्यांच्या बाराचे आमचे साडेदहा होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. याला ते उजेडाची बचत म्हणतात. बचत त्यांची, दिवा आमचा जळतो.

आता, बाराच का? त्यांच्या सकाळी आठला, निदान उन्हाळ्यात तरी, आमचे साडेपाच वाजलेले असतात. सगळे ऑफिसातच चहा पीत बसलेले. तसं सुचवून पाहिलं. उत्तर आलं, सकाळी आम्ही मुलांना शाळेत सोडतो. मग तुमच्या रात्री, आमच्या पहाटे? ती वेळ कुटुंबाची. मला राग आला नाही, खरं तर कौतुकच वाटलं. फक्त कुटुंब नावाची वस्तू भारतात निर्यात झालेली नाही, असा त्यांचा समज कोणी करून दिला ते कळलं पाहिजे.

पण सगळा दोष गोल पृथ्वीच्या माथी मारणंही बरं नाही. आमच्या निम्म्या रात्रीच्या मीटिंगा नागपूरच्याच प्रतापनगर, मनीषनगर आणि बेसा यांच्यात होतात. तिन्ही ठिकाणी घड्याळात एकच वेळ असते. दिवसभर आम्ही एकमेकांपासून दोन खुर्च्यांवर बसलेलो असतो. तेव्हा बोलता येत नाही, कारण तेव्हा प्रत्येकाची दुसरी मीटिंग असते. साहेबांचा निरोप येतो तो जेवणाच्या ताटावर: "जरा पंधरा मिनिटं बोलू. साडेनऊला चालेल ना?" या "ना"ची ताकद ज्याने ओळखली त्याने अर्धी नोकरी ओळखली. हुकूम असता तर माणूस निदान मनातल्या मनात तरी बंड करतो. इथे आपल्याला विचारलेलं असतं, आपण अंगठ्याचं चित्र पाठवलेलं असतं, आणि तक्रार करायची तर स्वतःविरुद्धच करावी लागते. मावसबहिणीच्या लग्नात अक्षता मुठीत धरून मी न्यू जर्सीचाही एक कॉल असाच घेतला. माइक चुकून सुरू राहिला आणि भटजींचं "सावधान" थेट अमेरिकेत पोचलं. मीटिंगच्या टिपणात ते धोक्याची सूचना म्हणून नोंदलं गेलं. एकूण पाहता बरोबरच होतं.

बाबांना या प्रकाराचा उलगडा अजून झालेला नाही. त्यांच्या पिढीत रात्री दहानंतर फोन वाजला तर त्याचा एकच अर्थ असे. त्यामुळे ते अंधारात दारापर्यंत येतात आणि विचारतात, "काहून रे, कोन गेलं?" मी म्हणतो, कोणी नाही, रिलीज आहे. ते म्हणतात, "मंग बोलून काहून राहिला?"

ते सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले. पाच पंचेचाळीसला टेबलाला कुलूप आणि सहाला स्कूटरला किक, असा तो काळ. रात्रपाळी त्यांनीही केली, पण वर्षातून एकदाच. 1953च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दर हिवाळ्यात इथे भरतं. तेव्हा सभागृह रात्री उशिरापर्यंत चालायचं, आणि तारांकित प्रश्नांची उत्तरं, लक्षवेधीची टिपणं तयार करत ही मंडळी हीटरपाशी बसलेली असायची. "पन अधिवेशन उठलं का मंत्री मुंबईले, साहेब झोपाले अन् आमी फुटाळा तलावावर," ते सांगतात. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. "तुमचं संस्थगित कधी होते?"

या प्रश्नाला उत्तर नाही. बारमाही अधिवेशनाची तरतूद राज्यघटनेत नाही, आमच्या ऑफिसात आहे.

तसं पाहिलं तर आराम मागून घ्यावा लागतो हे मराठी माणसाला नवं नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 1884 पासून अर्ज केले, सभा घेतल्या, आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. म्हणजे सहा वर्षं झगडून मिळवलेला रविवार. तो आम्ही एका अंगठ्याच्या चित्रासरशी परत करतो, तेही हसऱ्या चेहऱ्यासह. फ्रान्समध्ये 2017 पासून पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला कामाच्या वेळेनंतरच्या निरोपांबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियाने 2024मध्ये कायदाच केला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक 2018मध्ये लोकसभेत मांडलं आणि 2025च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. मी फार आशेने चौकशी केली. खासगी विधेयकाचा कायदा शेवटचा झाला तो 1970 साली. माझ्या जन्माआधी. तेव्हापासून मी कूलरच्या टाकीत पाणी आहे का, एवढंच बघतो.

मध्यंतरी न्यू जर्सीकडच्या बाजूला नवे साहेब आले. नाव मराठी. पहिल्याच मीटिंगला मुलाचा हात खटक्यावर जरा उशिरा पडला आणि कूलरची घरघर पलीकडे गेली. मी माफी मागणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा. बंद करू नका." क्षणभर कोणी बोललं नाही. मग एकदम मराठीत, "अरे बाप्पा, कूलर होय ना हा? ताट्या बदलल्या का या वर्षी?" गृहस्थ नागपूरच्या धरमपेठेत वाढलेले निघाले. पुढची वीस मिनिटं तर्री पोहे, संत्रा बर्फी, पाटोडीचा रस्सा आणि गच्चीवर पाणी शिंपून घातलेल्या गाद्या यांत गेली. हैदराबादचे दोघे आणि टेक्सासच्या बाई निमूट ऐकत होत्या. मला वाटलं, चला, आता आपलं माणूस आलं, वेळ बदलेल. मीच विषय काढला. ते मनापासून म्हणाले, "नागपुरात साडेनऊ म्हंजे संध्याकाळच ना राजा!" हल्ली मीटिंग संपली तरी ते थोडा वेळ कूलर ऐकत बसतात. मला उठता येत नाही.

शेवटी मार्ग सुचला तो नागपुरी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, यांची मिरवणूक निघते. बरोबर बडगे निघतात, म्हणजे त्या वर्षी जनतेला ज्याने ज्याने छळलं त्याचे पुतळे. महागाईचा बडग्या निघतो, भ्रष्टाचाराचा निघतो, इतवारीच्या गर्दीतून आरोळ्या उठतात, "घेऊन जा गे मारबत!" आणि मग सगळं जाळून टाकतात. मग रात्रीच्या मीटिंगचा बडग्या का नको? डोक्याच्या जागी लॅपटॉप, गळ्यात हेडफोन, हातात "चालेल ना?" लिहिलेली पाटी. कॉलनीतल्या पोरांना कल्पना जाम आवडली. बांबू कोण आणणार, रद्दी कोण देणार, खळ कोणाच्या घरी शिजणार, हे सगळं ठरवायचं होतं. दिवसा कोणालाच जमेना. ग्रुपवर निरोप आला, "यावर बसून बोलू. रात्री दहाला चालेल ना?"

आम्ही पार्किंगमध्ये जमलो. बांबूवाला मुलगा तेवढा आला नाही. त्याचा कॉल होता.