बॅरोनेसबाईंचा मुद्देमाल

चोरीच्या गुन्ह्यात मालाची किंमत पाहावी की चोराची प्रतिष्ठा, हा प्रश्न कायद्याच्या ग्रंथांत कोठे विचारलेला आमच्या पाहण्यात नाही. परंतु जगातील यच्चयावत महानगरांनी तो आपल्यापुरता केव्हाच निकालात काढलेला आहे. चार आण्यांची वस्तू उचलून ती अंगावर मिरवणारी बाई कोठडीत जाते, आणि त्याच बाईच्या हातची कलाकृती दुसऱ्याच्या नावे खतावणारी संस्था विद्येची सेवा केल्याबद्दल अभिनंदने स्वीकारते, हा त्या निकालाचा सारांश होय. या न्यायपद्धतीचा सांगोपांग अभ्यास करू इच्छिणाऱ्या जिज्ञासूंनी न्यूयॉर्क शहर, आणि 1913 पासून 1923 पर्यंत त्या शहराच्या डोक्याला ताप होऊन राहिलेल्या बॅरोनेस एल्सा फॉन फ्रायटाग-लोरिंगहोव्हन, या दोन पक्षांचे परस्परांतील देणेघेणे एकवार तपासून पाहावे.

नावाच्या लांबीवरून बाई पिढीजात उमराव घराण्यातील असाव्यात असा ग्रह होण्याचा संभव आहे. पण तसे काही नव्हते. 1874 साली बाल्टिक समुद्राकाठच्या स्विनेम्युंडे या गावी, गवंडीकामाचा धंदा करणाऱ्या प्लोट्झ नामक गृहस्थाच्या घरी त्यांचा जन्म झाला, आणि वडिलांच्या धाकाला कंटाळून त्यांनी ऐन तारुण्यात बर्लिन गाठले. तेथे रंगभूमी, चित्रकारांपुढे बसणे आणि प्रेमात पडणे हे तिन्ही व्यवसाय एकदम सुरू करून त्यांनी ऑगस्ट एन्डेल या नामांकित वास्तुविशारदाशी पहिला विवाह केला. दुसरे यजमान फेलिक्स पॉल ग्रेव्ह हे गृहस्थ भाषांतरकार होते व अफरातफरीबद्दल तुरुंगाची हवा खाऊन आलेले होते. 1909 मध्ये सावकारांचा ससेमिरा चुकविण्यासाठी आपण आत्महत्या केल्याचा देखावा करून ते अमेरिकेस पळाले, मागाहून आलेल्या पत्नीला केंटकी प्रांतातील एका शेतावर सोडून तेथूनही नाहीसे झाले, आणि काही वर्षांनी फ्रेडरिक फिलिप ग्रोव्ह या नव्या नावाने कॅनडात प्रकट होऊन त्या देशाचे एक मान्यवर कादंबरीकार ठरले. पुढे 1946 साली त्यांनी आपल्या पूर्वायुष्याची बहुतांशी मनाने रचलेली हकिगत आत्मचरित्र म्हणून प्रसिद्ध केली, तेव्हा तिला गव्हर्नर जनरलांच्या नावाचे पारितोषिक मिळाले, आणि तेही कल्पित साहित्याच्या वर्गात नव्हे. नाव, कर्ज आणि बायको या तिन्हींना एकाच झटक्यात टाकून देणाऱ्या पुरुषाला समाज किती उदार अंतःकरणाने पुन्हा खाते उघडू देतो, याचा हा दाखला प्रस्तुत हिशेबात आरंभीच रुजू करून ठेवावा हे बरे.

बाईंचे खाते मात्र अमेरिकेत पाऊल टाकताच लाल शाईने सुरू झाले. 1910 साली पिट्सबर्ग येथे भर रस्त्यात पुरुषी पोशाख करून धूम्रपान करीत चालल्याबद्दल त्यांना अटक झाली. बरोबरच्या यजमानांनी अंगावर खराखुरा कर्जबाजारीपणा चढविला होता, परंतु तो डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याला पोशाखाचे नियम लागू पडले नसावेत. पुढे 1913 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या नगरभवनात त्यांनी लिओपोल्ड फॉन फ्रायटाग-लोरिंगहोव्हन या निष्कांचन बॅरनशी तिसरा विवाह केला. महायुद्धाचा भडका उडताच बॅरनसाहेब मायभूमीच्या रक्षणार्थ जहाजावर चढले व वाटेतच फ्रेंचांच्या कैदेत पडले. पत्नीसाठी त्यांनी मागे ठेवलेली इस्टेट म्हणजे एक पदवी, जी गहाणही ठेवता येत नव्हती. त्या लग्नाला जाताना मात्र बाईंना रस्त्यात एक गंजलेले लोखंडी कडे सापडले होते. ते त्यांनी उचलले, त्याला ‘चिरंतन अलंकार’ अशा अर्थाचे नाव दिले आणि कलाकृती म्हणून जतन केले. रस्त्यावरची तयार वस्तू निवडून तिलाच शिल्प म्हणण्याची जी युक्ती पुढे मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताच्या नावे जगप्रसिद्ध झाली, तिचा हा एक आद्य प्रयोग होता. पण प्रयोगकर्तीला त्या वेळी घरभाड्याची विवंचना असल्यामुळे तिला त्यावर सिद्धांत लिहिण्यास सवड झाली नाही.

आता मुद्देमालाकडे वळू. 1917 च्या वसंतात फिलाडेल्फियामध्ये जॉर्ज बिडल या चित्रकाराकडे काम मागावयास बाई गेल्या, त्यांनी अंगावरचा लाल रेनकोट दूर केला, आणि चित्रकारमहाशयांनी जे पाहिले त्याचे वर्णन पंचनाम्याच्या भाषेत पुढीलप्रमाणे करता येईल: टोमॅटोचे रिकामे डबे नग दोन, हिरव्या दोरीने पाठीशी बांधून चोळीच्या जागी वापरात आणलेले, त्यांच्या मधोमध लोंबता पिंजरा नग एक, आत कॅनरी जातीचा जिवंत पक्षी, मुद्रा खिन्न, एका हातात मनगटापासून खांद्यापर्यंत भरलेली सेल्युलॉइडची पडद्याची कडी, वॉनामेकरच्या दुकानातील मांडणीवरून लांबविल्याचा खुद्द धारण करणारीचा कबुलीजबाब, डोक्यावर टोपी, वर मुलामा दिलेली गाजरे व बीट. अन्य साक्षीदारांच्या जबान्या याहून तपशीलवार आहेत. एका गायिकेच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस बाई कोळशाच्या बादलीचे झाकण शिरस्त्राणासारखे हनुवटीखाली बांधून हजर झाल्या. दोन्ही बाजूंस मोहरीचे चमचे पिसांसारखे खोवलेले, तोंडास पिवळी पावडर, ओठ काळे, आणि गालावर शिक्का मारलेले दोन सेंटांचे टपाल तिकीट. एकदा तर त्यांनी झग्याच्या मागील फुगवट्यावर विजेचा तांबडा दिवा लावला होता. मोटारी आणि सायकली यांना मागे दिवा असतो तर आपल्यालाच का नसावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. आमच्या मते रहदारीच्या नियमांचा इतका आदर दुसऱ्या कोणत्याही नागरिकाने आजवर दाखविलेला नाही. परंतु पोलीसखात्याने त्याची दखल घेतली नाही. किरकोळ चोऱ्या व अपुरी वस्त्रे यांबद्दल त्यांच्या तुरुंगाच्या खेपा मात्र चालूच राहिल्या.

चौदाव्या रस्त्यावरील त्यांच्या बिऱ्हाडात मोडके लोखंडी सामान, मोटारीचे टायर, मुलामा चढविलेल्या भाज्या आणि उपाशी कुत्री यांची इतकी दाटी असे की, पाहुण्याला नाक व पाय दोन्ही जपून आत शिरावे लागे. चित्रशाळांतून तासाच्या दराने विवस्त्र उभे राहणे हे त्यांच्या चरितार्थाचे साधन होते. म्हणजे मजुरी देऊन, भिंतींच्या आत, मास्तरांच्या देखरेखीखाली जे शरीर कलेच्या अभ्यासक्रमाचा भाग होते, तेच शरीर विनामूल्य रस्त्यावर आले की शांततेचा भंग करीत होते. कायद्याचा आक्षेप नग्नतेला नसून तिच्या हजेरीपटावर सही नसण्याला होता, असा याचा अर्थ आम्ही करतो.

या बाईपुढे पुरुषवर्गाची जी त्रेधा उडाली, ती वाङ्मयेतिहासात नमूद आहे. वॉलेस स्टीव्हन्स हे विम्याच्या धंद्यात मुरलेले प्रतिष्ठित कवी. बाई भेटतील या धास्तीने ते शहरात आले म्हणजे चौदाव्या रस्त्याच्या खाली उतरण्यास धजत नसत, अशी साक्ष त्यांचे मित्र विल्यम कार्लोस विल्यम्स यांनी आत्मचरित्रात दिलेली आहे. आयुष्यभर इतरांच्या जोखमीचा अंदाज बांधणाऱ्या गृहस्थाने आपली जोखीम अचूक ओळखली, असेच म्हणावे लागेल. खुद्द विल्यम्स हे कवी व डॉक्टर; त्यांच्यावर बाईंचे मन जडले. आपल्यापासून उपदंशाचा प्रसाद घेतल्यास त्यांची बुद्धी खऱ्या कलेसाठी मुक्त होईल, असा सल्ला बाईंनी दिला, आणि डॉक्टरांनी तो वैद्यकीय दृष्ट्या ग्राह्य मानला नाही. तेव्हा बाईंनी त्यांच्या मानेवर एक सणसणीत तडाखा ओढला. कवीने यावर काय करावे? त्यांनी मुष्टियुद्धाच्या सरावाची पिशवी विकत आणली, रीतसर तालीम केली, आणि पुढच्या भेटीत पार्क ॲव्हेन्यूवर बाईंच्या तोंडावर ठोसा मारून त्यांना आडवे केले. ही हकिगत ते स्वतःच मोकळ्या मनाने सांगतात. बाईंनी मारले ते वेड आणि डॉक्टरांनी मारले ते आत्मसंरक्षण, हा भेद रसिकांनी लक्षात ठेवावा. अन्यथा वाङ्मयीन चरित्रे वाचताना गोंधळ उडण्याचा संभव असतो.

बाईंच्या कविता छापण्याचे धाडस ‘द लिटल रिव्ह्यू’ या मासिकाच्या मार्गारेट अँडरसन व जेन हीप या दोघी संपादिकांनी केले. 1918 पासून या कविता तेथे येऊ लागल्या, आणि त्याच अंकांतून जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ क्रमशः प्रसिद्ध होत होती. अश्लीलतेचा खटला झाला तो मात्र ‘युलिसिस’वर, 1921 मध्ये दोघींना प्रत्येकी 50 डॉलर दंड झाला. जॉइसच्या कादंबरीला न्यायालयाने निदान गुन्ह्याची प्रतिष्ठा दिली. बाईंच्या कविता तिच्याहून भीडमुर्वत न बाळगणाऱ्या असूनही त्या शिक्षेपुरत्यासुद्धा कोणी मनावर घेतल्या नाहीत. उपेक्षा करण्याचा याहून सभ्य मार्ग आम्हांस तरी ठाऊक नाही.

येथवर शहराने बाईंच्या नावे जे मांडले ते पाहिले. आता शहराकडे बाईंची जी बाकी राहिली, ती पाहू. 1917 मध्ये सुताराच्या खाचणीच्या पेटीवर मोरीच्या सांडपाण्याची वाकडी लोखंडी नळी उभी करून तिला ‘गॉड’ हे नाव दिलेले एक शिल्प तयार झाले. मोरीच्या नळीत परमेश्वर पाहण्याची ही अद्वैतदृष्टी फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात कित्येक दशके मॉर्टन शॅम्बर्ग या चित्रकाराच्या नावे नांदत होती. शॅम्बर्ग यांनी त्या वस्तूचे छायाचित्र घेतले होते, आणि 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ते वारल्यामुळे नकार देण्यास ते हयात नव्हते. आता संशोधकांच्या तगाद्यानंतर चिठ्ठीवर बाईंचेही नाव आले आहे. शॅम्बर्ग यांचे कायम आहे. म्हणजे छायाचित्र काढल्याने मिळकतीत निम्मा हिस्सा मिळतो, असा दंडक येथे पडला. लग्नाचे छायाचित्र काढणाऱ्या मंडळींनी हा न्याय मनावर घेतल्यास अनेक संसारांत वाटणीचे दावे उपस्थित होतील.

याहून मोठे प्रकरण अद्याप तहकूब आहे. 1917 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या स्वतंत्र कलावंतांच्या संस्थेने प्रदर्शन भरविले. 6 डॉलर भरणाऱ्या कोणाचीही कृती निवडीशिवाय मांडली जाईल असा तिचा जाहीरनामा होता. त्यावर विसंबून आर. मट या अज्ञात इसमाने चिनी मातीचे मूत्रपात्र ‘फाउंटन’ या नावाने पाठविले, तेव्हा निवड न करणाऱ्या संस्थेने तातडीने सभा भरवून ते नापसंत केले. पुढे ते द्युशाँ यांचे म्हणून विसाव्या शतकातील क्रांतिकारक कृती ठरले. मूळ वस्तू हरवली, 1964 मध्ये तिच्या प्रतिकृती निघाल्या, आणि त्यांतील एक 1999 साली 17 लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकली गेली. मात्र 11 एप्रिल 1917 रोजी बहिणीला लिहिलेल्या पत्रात खुद्द द्युशाँ म्हणतात की, ही वस्तू आपल्या एका मैत्रिणीने पुरुषी टोपणनावाने पाठविली. आणि तत्कालीन वृत्तपत्रांनी मट हा फिलाडेल्फियाचा असल्याचे छापले होते, जेथे त्या वेळी बाईंचा मुक्काम होता. एवढ्यावरून ती मैत्रीण बाईच, असा निवाडा कित्येक विद्वान देतात व कित्येक तो फेटाळतात. आम्ही या वादात पडत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, पडद्याच्या कड्यांवर बाईंचा हक्क नाही हे ठरविण्यास एका शिपायाचा पुरावा पुरेसा होता, आणि मूत्रपात्रावर तो असू शकेल एवढे विचारात घेण्यास विद्वानांना पाऊण शतकाहून अधिक काळ लागला.

1923 मध्ये मित्रांनी वर्गणी करून बाईंना जर्मनीस पोहोचविले. चलनाची कागदाइतकी किंमत न राहिलेल्या बर्लिनमध्ये त्यांनी कुरफ्युर्स्टेनडामच्या रस्त्यावर उभ्या राहून वृत्तपत्रे विकली. फ्रान्सचा परवाना मिळावा म्हणून त्या तेथील फ्रेंच वकिलातीत वाढदिवसाचा मोठा केक डोक्यावर घेऊन, त्यावर 50 मेणबत्त्या पेटवून गेल्या, असे त्यांनीच एका पत्रात लिहिले आहे. परवाना अर्थातच लगेच मिळाला नाही. अखेर 1926 मध्ये त्या पॅरिसला पोहोचल्या, आणि 14 डिसेंबर 1927 रोजी खोलीत रात्रभर सुरू राहिलेल्या गॅसने गुदमरून मरण पावल्या. नळ चुकून राहिला की हेतुपुरस्सर, याचा निर्णय झाला नाही. लेखिका ज्युना बार्न्स यांनी त्यांचे कागदपत्र जपून ठेवले म्हणून आज ते मेरीलँड विद्यापीठाच्या दप्तरात आहेत. आणि त्यांतील कवितांचा भरघोस संग्रह इंग्रजीत 2011 साली, म्हणजे कवयित्रीला मरून 84 वर्षे लोटल्यावर, ग्रंथरूपाने निघाला. नव्या कवींना संपादक थोडी वाट पाहावयास सांगतात, ती ही असावी.

जमाखर्चाचा मेळ घालावयाचा तर स्थिती अशी दिसते. बाईंकडून येणे असलेल्या वस्तूंत काही कडी आणि दुकानांतील किरकोळ जिन्नस आहेत. पैकी वॉनामेकर हे दुकान त्या नावाने 1995 नंतर उरलेले नाही. तेव्हा फिर्यादीच गैरहजर असल्यामुळे कड्यांचा खटला निकालात काढावयास हरकत नसावी. दुसऱ्या खटल्यातील प्रतिवादी मात्र शहरोशहरी भक्कम इमारतींतून सुखरूप नांदत आहेत, अभ्यागतांकडून प्रवेशशुल्क घेत आहेत, आणि बाहेर पडताना कोणी काही उचलून तर नेत नाही ना, हे पाहण्यासाठी दारोदार पहारेकरी ठेवून आहेत.