ताज की ओबेरॉय?

मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलांबद्दल सर्वांत ठाम मतं कोणाची, तर तिथे एक रात्रही न काढलेल्यांची. हार्बरची सकाळची गाडी पनवेलहून सुटली की खारघर यायच्या आत ताजची सर्व्हिस सरस की ओबेरॉयचा नाश्ता, याचा निकाल लागतो. पुरावा म्हणजे साडूच्या साहेबाच्या मुलीचं रिसेप्शन.

ताजची 'ती' गोष्ट निघतेच. हॉटेल चुकून उलटं बांधलं, तोंड गेटवेकडे हवं होतं, ते पाहून साहेब आर्किटेक्टने वरून उडी टाकली! अहो, हॉटेल उघडलं १९०३ साली आणि गेटवे पुरा झाला १९२४ साली. आराखडाही साहेबाचा नव्हे, सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य मध्येच वारले, मग चेंबर्ससाहेबाने काम तडीस नेलं. पण उडी मारणारा गोरा आम्हाला तोंडपाठ आणि वैद्यांचं नाव काढलं तर 'कोण हो हे?' मराठी अस्मिता बहुधा वाशीला उतरत असावी.

वारसाच मोजायचा तर काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलला आधी मान द्या. लोखंडी सांगाडा थेट इंग्लंडहून आणलेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईने तिथेच पाहिली. पुढे त्या वास्तूची चाळ झाली आणि तारे राहोत, टेकूंवर दिवस काढायची पाळी आली. तुलनेत तिचं नाव नसतं, कारण तिथे नाश्ता मिळत नाही.

सरकारची तुलना त्या मानाने सुटसुटीत. खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी. झुंबर कुठल्या सालचं, समुद्र दिसतो की पार्किंग, याच्याशी देणंघेणं नाही. समुद्राचे पैसे हॉटेलवाला वेगळे लावतोच. समोरच्या धक्क्यावर मांडव्याच्या लाँचची वाट बघणाऱ्याला तोच समुद्र फुकट मिळतो, भरती असली तर अंगावरसुद्धा.

आणि आम्ही पनवेलकरांनी एवढं दबकून का राहावं? रेल्वे यायच्या आधी पुण्याला निघालेला साहेब मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि मग बोरघाट चढायचा. तेव्हा ताजचा पायाही नव्हता. आता विमानतळ आलाय. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं उठवली. मागोमाग हॉटेलं येणारच. टेकडी नसल्यामुळे 'हिल व्ह्यू' बाद, 'रनवे व्ह्यू'चे मात्र जादा पैसे. लॉबीत 'जुनं पनवेल' म्हणून कोरीव लाकडी खांब उभे राहतील, नवेकोरे, वरून जुनाट रंग दिलेले. खरे खांब हवे असतील तर गावातला एखादा वाडा पाडेपर्यंत थांबा. बिल्डर ते भंगारवाल्याला देतो, तो जरा स्वस्तात देईल.