मिरजोळ्यात एकजण देव झालाय म्हणे!

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर जरा जवळ सरका, आणि घरात पोरंबाळं असतील तर त्यांना बाहेर खेळायला पिटाळा. नको, खेळायला नकोच. खेळाचीच तर सगळी भानगड आहे.

झालंय असं, की गणपतीला मुंबई-पुण्याचे चाकरमानी आले. दरवर्षी येतात, आरत्या घसा फुटेस्तोवर म्हणतात, पंखा हळू फिरतो म्हणून कुरकुरतात आणि जाताना नारळ गाडीत घालून नेतात. यंदा त्यांतल्या एका पोराच्या सॅकमधून फासे निघाले. आणि ते तरी कसले? चार बाजूंचे, आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, आणि एक तर चक्क वीस बाजूंचा! मिरजोळ्यात एमआयडीसी येऊन जमाना झाला, नाना तऱ्हेचे सुटे भाग आमच्या लोकांच्या हाताखालून गेले, पण असला नग कुणी पाहिला नव्हता. शकुनीमामानंसुद्धा हात जोडले असते.

पहिला संशय अर्थातच जुगाराचा. म्हणजे जागरणाला पत्ते चालतात. तीन पानी रंगली आणि शंभर-दोनशे इकडचे तिकडे झाले तर त्याला जुगार म्हणत नाहीत, जागरण म्हणतात. फाशांचं तसं नाही. तेव्हा दोन जबाबदार काकू चहाचा ट्रे घेऊन पाहणीला गेल्या, त्या चेहरे पाडून परत आल्या. पैसा लावलेलाच नाही म्हणे! बरं, मग जिंकलं कोण? कोणीच नाही. हरलं कोण? तेही नाही. मग रात्री दोनपर्यंत सहा धडधाकट माणसं करतात तरी काय? तर म्हणे, मिळून गोष्ट रचतात. संपली का ती? छे, उरलेली दिवाळीत. पगारदार माणसं, अहो! एकाचं तर लग्न ठरलंय.

पण खरा कहर पुढेच आहे. पाचजण एकेक पात्र घेऊन बसतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. (चोर! हौसेनं!) सहावा मात्र कुठलंच एक पात्र घेत नाही, कारण उरलेलं सगळं जग तोच असतो. पाऊस त्यानं पाडायचा, राक्षस त्यानं व्हायचं, राजा तोच, राजाची खाष्ट सासू तोच, आणि वाटेत बकरी भेटली तर बें बेंही त्यानंच करायचं. ह्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्या वाडीत 'तो देव झालेला' म्हणतात. पुढ्यात जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून तो मागे बसतो, मधूनच आत फासा टाकतो आणि नुसतं 'हं' म्हणतो. काय पडलं ते सांगत नाही. त्या एका 'हं'नं पाचजणांची पाचावर धारण बसते.

नियम विचाराल, तर आपलं पात्र काय करतंय ते प्रत्येकानं तोंडानं सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. काम किती अवघड ते देव ठरवतो; तेवढा आकडा गाठला तर जमलं. वीस पडले तर वाहवा, एक पडला तर फजिती. आणि खेळ सुरू व्हायच्या आधी म्हणे वेगळी बैठक होते: गोष्टीत काय चालेल, काय नको, कुणाला कशाची चेष्टा खपत नाही. आमच्याकडे लग्नाची बैठकसुद्धा इतकी मोकळेपणानं होत नाही.

त्या रात्रीचा प्रकार तर काकूंच्याच तोंडून ऐकायला हवा. ह्या देवानं आठवडाभर खपून चौकटीच्या कागदावर एक किल्ला काढला होता. सरळ रत्नदुर्गावरून उचललेला: तीन बाजूंना समुद्र, वर बालेकिल्ला, पलीकडे दीपगृह, खाली भुयार. भुयारात तीन सापळे आणि एक अजगर. कुठल्या दगडावर पाय पडला की काय होणार, सगळं पानोपान लिहून ठेवलेलं. आता शहाण्या माणसानं भुयारात जावं की नाही? हे पाचजण गेले मिरकरवाड्याच्या धक्क्यावर, होडी भाड्यानं मिळते का बघायला. तिथे एखादी मासे विकणारी बसली असेल असं चोराला उगाचच वाटलं. 'आहे का कोणी?' त्यानं विचारलं. देव क्षणभर गप्प. मग म्हणाला, 'आहे.'

झालं! त्या एका 'आहे'वर तास गेला. मिशीवाला देव कमरेवर हात ठेवून कोळणीच्या आवाजात भांडायला लागला, चोर होडीचं भाडं पाडून मागतोय, मांत्रिक मध्येच बांगडा कसा दिला विचारतोय. माजघरात गणपती बसलेला आणि ओटीवर बांगड्याचा भाव! काकूंनी कानांवर हात ठेवले. मग एक हात काढला, कारण भाव चुकत होता. 'इतक्या स्वस्तात कोण देतं रे मेल्या!' त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि कोळणीनं ते वाक्य तिथल्या तिथे उचलून चोराच्या अंगावर फेकलं. चोरानं फासा टाकला. पडला एक. होडी तर मिळाली नाहीच, वर बाईनं किल्लेदाराला निरोप धाडला की पाच लफंगे येतायत. अजगर उपाशी राहिला, भुयार कागदावर राहिलं, आणि आता म्हणे अख्ख्या गोष्टीची खलनायिका ती कोळीण आहे, जी त्या रात्री साडेदहापर्यंत जन्मालाही आली नव्हती.

आठवडाभराची मेहनत अशी पाण्यात गेली, तर माणसानं रुसावं की नाही? हा खूश! म्हणतो, किल्ला सगळा डोक्यात होता म्हणून किल्लेदार काय करेल ते लगेच सुचलं. आणि पोरांना ओढत भुयारात नेलं असतं तर ती गोष्ट माझी एकट्याची झाली असती. ऐका! देव होऊन वर विनय.

ह्या साथीचा उगम आम्ही शोधून काढलाय. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथले गॅरी गायगॅक्स म्हणून एक गृहस्थ विम्याच्या कामात होते. नोकरी गेली, तेव्हा घरी बूट दुरुस्त करू लागले. पुढे डेव्ह आर्नेसन ह्या जोडीदाराबरोबर त्यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला, पहिल्या खेपेला हजार प्रती. त्याच्याही आधी प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी १८२४ पासून टेबलावर लुटुपुटीच्या लढाया खेळत आणि निकाल द्यायला एक पंच बसवत. त्या पंचाचाच बढती मिळून देव झाला. १९८० च्या दशकात तिकडच्या पालकांनी आणि पाद्र्यांनी हा सैतानाचा खेळ म्हणून एवढी ओरड केली, की आपल्या काकू त्यापुढे मवाळ. मग २०२४ मध्ये त्याच देशाच्या टपाल खात्यानं ह्या खेळाची तिकिटं काढली. सैतानाला पन्नाशीला सरकारी मान!

आम्ही वाडीत बैठक बोलावणारच होतो, पण घात केला तो आमच्याच बाजूच्या एका आजोबांनी. चष्मा पुसत म्हणाले, ह्यात नवीन काय? दशावतारात कुठे लिहिलेली संहिता असते? आज कोणतं आख्यान ते रंग लावता लावता सांगितलं जातं, राजपार्टी कोण, स्त्रीपार्टी कोण ते ठरतं, आणि पेटीचा सूर लागला की समोरचा काय बोलेल ते पाहून आपण बोलायचं. राक्षस उजाडायच्या आत मरायला हवा, एवढंच पक्कं. आणि विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते कसं? पदं सूत्रधारानं म्हणायची, भाषणं पात्रांनी आयत्या वेळी करायची. म्हणजे मराठी रंगभूमीच्या पहिल्याच रात्री तुमचा हा गेम मास्टर झांजेच्या तालावर उभा होता.

आता ह्यावर काय बोलणार? आरोपपत्रात थेट भाव्यांचं नाव यायला लागलं, तेव्हा बैठक रद्द केली. तरी एक आक्षेप आम्ही सोडलेला नाही. दशावताराला निदान प्रेक्षक असतात. गोधडी पांघरून भजी खात नटांना नावं ठेवता येतात. इथे ती सोयच नाही. जो ओटीवर टेकला तो खेळात. चहा द्यायला गेलेल्या दोन काकूंपैकी एक आता कोळणीची थोरली जाऊ आहे आणि दुसरी किल्लेदाराकडे स्वयंपाकाला.

दिवाळीत खेळ पुढे चालू होतोय. चोराला होणाऱ्या सासुरवाडीचं बोलावणं आलंय, म्हणून चोराची जागा रिकामी आहे. कुणाची तयारी असेल तर काकूंना कळवा. फासे आहेत, पेन्सिल घेऊन या, आणि बांगडा सध्या काय भावानं जातोय ते येताना विचारून या.