सॅम्पल तयार, पझेशन नंतर

पार्ल्यात बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की विमानतळाच्या उंचीच्या परवानगीत फाइल अडकते आणि माणसं भाड्याच्या घरात निवांत म्हातारी होतात. मोबाइलच्या चिपचंही तसंच. फक्त तिथे भाडं मिळत नाही.

क्वालकॉमने जानेवारी २०२१ मध्ये नुविया ही कंपनी सुमारे १.४ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांची कंपनी, डोळा सर्व्हरवर. त्यांचा प्रोसेसर आता फोनमध्येही येणार म्हणे. मी जुनाच फोन रेटायचं ठरवलं. नोव्हेंबरात सांगितलं, आधी लॅपटॉपची चिप: नऊ महिन्यांत नमुने, २०२३ मध्ये माल. ऑगस्ट २०२२ मध्ये चिपच्या आराखड्यांचे परवाने देणाऱ्या आर्म कंपनीने त्या परवान्यांवरून क्वालकॉमवर कोर्टात दावा लावला. एका सभासदाची सही अडावी, तसं. लॅपटॉप आले जून २०२४ मध्ये. फोन रांगेत त्यांच्याही मागे.

दरम्यान स्टेशनजवळच्या बाजारात माझ्या स्क्रीनवर यूपीआयचं गोल चक्र फिरतंय. भाजीवाल्या मावशी माझ्यामागच्या तिघांना मोकळं करतात, कोथिंबिरीच्या जुडीवर पाणी मारतात, मग म्हणतात, ‘काका, उद्या द्या.’ फोनची पाठ एव्हाना अशी तापलेली असते की तो या हातातून त्या हातात खेळवावा लागतो.

आयफोनवाल्यांनी हसू नये. अ‍ॅपलने इंटेलचा मोडेमचा धंदा २०१९ मध्ये एक अब्ज डॉलरला घेतला, सुमारे २,२०० माणसांसकट. घरचा पहिला मोडेम, सी१, फोनमध्ये दिसला फेब्रुवारी २०२५ मध्ये. इंटेलनेही तो संसार मुळात इन्फिनिऑन कंपनीकडून घेतलेला. याच अ‍ॅपलने पी. ए. सेमी ही चिप कंपनी २००८ मध्ये घेतली होती आणि २०१० मध्ये आयपॅडमध्ये ए४ चिप हजर होती. असलं काही ग्राहकाला कळू देऊ नये. उगाच अपेक्षा वाढतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नुवियाच्या मंडळींची करामत अखेर फोनच्या चिपमध्ये उतरली. चौकशीला गेलो, तर दुकानातला मुलगा आपुलकीने म्हणाला, ‘थांबा ना काका, पुढची येतेय.’ ती सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली. आता मागचीवर सूट नाही, कारण स्टॉक संपला. पुढचीवर नाही, कारण ती नवी.