सी-१ की सी-२? एका होडीचे स्ट्रक्चरल ऑडिट

घाटकोपरात राहून शिडाची होडी बाळगणाऱ्यांचा वर्ग फार छोटा आहे, आणि प्रस्तुत लेखक हा त्या वर्गाचा अभ्यासक नसून नमुना असल्यामुळे त्याच्याविषयी शास्त्रशुद्ध विवेचन करण्याचे काम आपोआपच त्याच्याकडे आले आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी असूनही द्रुतगती मार्ग, मिठागरे आणि खारफुटी यांच्यामुळे ती येथील रहिवाशाला सहसा दिसत नाही, आणि त्याचा पाण्याशी संबंध पावसाळ्यात लालबहादूर शास्त्री मार्गावर साचणाऱ्या तळ्यापुरताच उरतो. त्यामुळे होडी मांडव्याजवळच्या एका आवारात ताडपत्रीखाली असते, आणि मालक कुर्ल्याला गाडी बदलून डॉकयार्ड रोडला उतरतो, भाऊच्या धक्क्यावर रो-रोचे तिकीट काढतो, म्हणजे स्वतःच्या होडीकडे दुसऱ्याच्या बोटीने जातो. कुठे निघालात असे सहप्रवाशाने विचारल्यास ‘जरा बोट बघून येतो’ असे उत्तर मिळते. न विचारल्यासही मिळते.

या होडीचे अंग फोम कोअर पद्धतीचे आहे, म्हणजे काचतंतू आणि रेझिन यांच्या दोन पातळ थरांमध्ये, ज्यांना स्किन म्हणतात, पीव्हीसी फोमचा हलका गाभा चिकटवलेला आहे. लाटेचा मार बसला की एक स्किन ताण सोसते, दुसरी दाब सोसते, आणि दोघींना परस्परांवरून सरकू न देण्याचे काम गाभा करतो. जाडी दुप्पट झाली की ताठरपणा सुमारे आठपट होतो, या नियमाचा लाभ वजन न वाढवता उठवण्याची ही युक्ती आहे. मात्र तिची सारी मदार चिकटण्यावर असल्याने, एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरले किंवा लाटांचे तडाखे वर्षानुवर्षे एकाच जागी बसत राहिले, की स्किन गाभ्यापासून सुटते. यालाच डीलॅमिनेशन म्हणतात. कोळ्यांच्या फायबरच्या होड्या बहुधा सलग थरांच्या असतात, तडा गेला की तो दिसतो, मिस्त्री ग्राइंडर फिरवून नवे थर चढवतो आणि प्रश्न मिटतो. सँडविच होडीला मात्र दुखणे लपवून देखणे दिसत राहण्याची सुशिक्षित सवय असते.

निदान नाण्याने होते. अंगावर नाणे ठोकत जावे. धड जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी भदभद. ही विद्या घाटकोपरच्या माणसाला शिकवावी लागत नाही, कारण तीस वर्षांवरील इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे झाल्यापासून हातोडीने गिलावा ठोकत फिरणारा अभियंता पंतनगरापासून असल्फ्यापर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे. महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी; सी-२ म्हणजे दुरुस्त करण्याजोगी, त्यातही ‘अ’ आणि ‘ब’; आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. या वर्गवारीवर होणाऱ्या सर्वसाधारण सभांचा अभ्यास करता असे आढळते की ज्याला पुनर्विकासात वाढीव कार्पेट एरिया हवा असतो, त्याला प्रत्येक खांबातून पोकळ आवाज येतो, आणि ज्याने नुकतीच इटालियन फरशी बसवलेली असते, त्याला तीच हातोडी त्याच खांबावर अगदी टणक ऐकू येते. तिसरा एक सभासद असतो, ज्याला काहीच ऐकू येत नाही, परंतु मागील सभेच्या इतिवृत्तावर हरकत असते, आणि सभा संपते तेव्हा चर्चा पार्किंगवर आलेली असते. होडीमालकाच्या ठायी हे तिन्ही सभासद एकत्र नांदतात. पाहुणे बरोबर असले की नाणे नेमके धड बाजूवरच ठोकले जाते.

या विनोदाला घाटकोपरात मर्यादा आहे. २५ जुलै २०१७ रोजी दामोदर पार्क येथील चार मजली सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसे गेली. त्यानंतर भार पेलणारा भाग सुटल्याचे कळूनही सभा लांबवणे ही निव्वळ हौस राहत नाही, आणि होडीमालक पाण्यात एकटा जात नाही; लाइफ जॅकेट घालून पुढे बसणारी भाची त्याच्या कानावर विश्वास ठेवून बसलेली असते.

दुरुस्तीचे मार्ग दोन. भोके पाडून आत रेझिन भरणे स्वस्त पडते, परंतु ओल्या फोमला ते धरत नाही. दुसरा मार्ग बाहेरची स्किन कापून खराब गाभा काढण्याचा, वाळवण्याचा आणि नवा फोम व्हॅक्युम बॅगने चिकटवण्याचा. प्लास्टिकच्या आवरणाखालील हवा पंपाने ओढून घेतली की बाहेरचे वातावरण दर चौरस मीटरला सुमारे १० टनांपर्यंत दाब फुकट देते. फुकट मिळणारी तेवढी एकच गोष्ट. कापलेली कड जाडीच्या बारापट उतार देऊन घासावी लागते, शिवाय पावसाळ्यात इपॉक्सीवर मेणचट साय धरते, त्यामुळे काम दिवाळीनंतरच; आणि एकूण खर्चात तशीच धड जुनी होडी विकत मिळते.

नेमक्या याच टप्प्यावर मालकाला ‘म्हादेई’ आठवते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या या होडीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी ती कोठेही न थांबता केली. तिच्या अंगातही गाभा आहे, फोमचा नव्हे, रेड सीडर लाकडाच्या पट्ट्यांचा. या मोहिमेमागचे स्वप्न व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचे, आणि निवृत्तीनंतर ते राहत फलटणजवळच्या विंचुर्णीला, तेव्हा समुद्रापासूनचे अंतर नाविकाच्या आड येत नाही, असा सिद्धांत घाटकोपरहून मांडला जातो. प्रस्तुत होडी मात्र आजवर मांडव्याच्या धक्क्यावरून दिसेनाशी झालेली नाही, ही बाब त्या मांडणीत तळटीपेतही येत नाही.

होडी सोडून द्यावी, तर कुठे? लोखंड, पितळ, बंद पडलेले फ्रिज घेणारा भंगारवाला फायबरला हात लावत नाही, कारण घट्ट झालेले रेझिन पुन्हा वितळत नाही, आणि जाळल्यास विषारी धूर होऊन काच मागे उरते. म्हणून भले भले हौशी मालक एका रात्री होडी भरतीच्या रेषेवर टाकतात आणि दुसऱ्या दिवशी पर्यावरणावर बोलतात, याचा प्रस्तुत लेखकाला खरोखर संताप येतो. निव्वळ त्या संतापापोटी त्याने होडीला सी-२ ‘अ’ प्रवर्गात घातले आहे, बाहेरची स्किन कापायला मिस्त्रीकडून नोव्हेंबरची तारीख घेतली आहे आणि आगाऊ रक्कम दिली आहे. घरच्या हिशेबात ती ‘ताडपत्री’ या सदराखाली दाखवली आहे. या सदरात एव्हाना जमलेल्या रकमेतून मांडव्याचे सबंध आवार झाकले गेले असते, हे घरातील लेखापरीक्षकांच्या ध्यानात आले आहे की त्या योग्य वेळेची वाट पाहत आहेत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.